कुंभारणीच्या घरट्यातली अळी

पुणे
२० ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
जागृतीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचा फोन महिनाभर बंद आहे. प्रफुल म्हणतो, दुरुस्तीला हिंगणघाटला दिलाय. तिथे फोन दुरुस्त करतात की नव्याने घडवतात? असो, तुमच्या लाडक्या पोस्टाला या निमित्ताने एक गिऱ्हाईक मिळालं. प्रफुल आणि त्याची बायको जया राहायला आल्यापासून मी जरा निर्धास्त आहे. पुतण्या का असेना, घरात माणूस आहे. आई गेल्यावर तुमचं जेवण म्हणजे चहा आणि पोहे एवढंच उरलं होतं.

आता कामाचं. आमच्या नव्या गेममध्ये मी एक राक्षसीण काढते आहे, कुंभारमाशीवरून. ती खेळाडूला मातीच्या मडक्यात कोंडते आणि भोवती गुणगुणत राहते. त्याचं भय टोकाला गेलं की तो स्वतःच कुंभारीण होतो. आमच्या साहेबांना त्यांच्या आजीने हे सांगितलं होतं, की अळी भयाने कुंभारीण होते. अख्ख्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. तुम्ही जन्मभर अल्लीपुरात विज्ञान शिकवलंत. कान पकडायचा असेल तर गेम बाजारात जायच्या आधीच पकडा.

तब्येतीला जपा, आणि रागावून का होईना, उत्तर लिहा.

तुमची
जागृती


अल्लीपूर
२८ ऑगस्ट २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

कान पकडतोच. अगं, वर्गात हीच भाकडकथा मोडून काढण्यात माझा घसा बसला, आणि माझीच मुलगी तिची चित्रं काढते! अळीची कुंभारीण होत नाही. कुंभारीण अळीला नांगी मारून लुळी करते आणि मडक्यात भरते. मारत नाही, कारण मेलेली अळी सडेल. मग अंड्यातून निघालेलं पिल्लू तिला जिवंतपणीच, ताजी ताजी खातं. लोकांनी आत जाताना अळी पाहिली, बाहेर येताना माशी पाहिली. मधलं कोणी पाहिलंच नाही. पाहा आणि मग माना, असं तथागतांनी उगाच नाही सांगितलं.

माझ्या खाटेजवळच्या खिडकीच्या चौकटीवर सध्या एक बाई घर बांधते आहे. आधी मडक्याच्या आत छताला धाग्याने अंडं टांगलं, मग अळ्या आणायला सुरुवात केली. मी पडल्या पडल्या पाहत असतो. पडून राहणं फार झालंय हल्ली. प्रफुल औषधांच्या दुकानात कामाला आहे ना, तो तिथून रक्तदाबाची नवी गोळी आणतो. ती घेतली की दुपारपर्यंत डोळा उघडत नाही. शेजारची धुरपता भांडी घासायला येते, ती परवा विचारत होती की मास्तर, तुम्ही दिवसभर झोपूनच काऊन राह्यले. मी म्हटलं, वय झालं बाई.

घर त्याच्या नावे करून द्यावं असं प्रफुल म्हणतो. मी म्हटलं, जागृतीला विचारू. माझं पत्र टाकायला तो दोनदा विसरला, म्हणून हे धुरपताजवळ देतो आहे.

माया असू दे, आणि पुन्हा असलं अज्ञान चितारू नकोस.

तुझा
बाबा


पुणे
५ सप्टेंबर २०२५

ती. बाबांना,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात मोठ्याने वाचलं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भयाने रूप बदलण्याचा नियम काढून टाकला. पण आता खेळाडू मडक्यात लुळा पडला की संपलाच, सुटकेची वाट नाही. कुंभारणीच्या कामात काही कच्चा दुवा असतो का?

आणि बाबा, ती गोळी कसली? पाकिटावरचं नाव जसंच्या तसं उतरवून पाठवा. मी सकाळी अकराला प्रफुलच्या फोनवर फोन केला तरी तो म्हणतो काका झोपलेत. तुम्ही तर पहाटे पाचला उठून गाव फिरून येणारे! मला हे ठीक वाटत नाही. कशावरही सही करू नका. धम्मचक्र दिनाला मी येतेच आहे, तेव्हा बोलू.

लोभ आहेच, काळजी त्याहून जास्त.

तुमची
जागृती


अल्लीपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. जागृतीस,
आशीर्वाद.

अक्षर लागणार नाही, सांभाळून घे. तुझं पत्र मला फोडलेलं मिळालं. ज्या दिवशी ते आलं त्या दिवसापासून एका गोळीच्या दोन झाल्या. खोलीला बाहेरून कडी असते. जया म्हणते तुम्ही पडलात म्हणून. मी पडलेलो नाही. निदान मला तसं आठवत नाही, आणि आता माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिलेला नाही.

मला भीती वाटते, पोरी. आयुष्यात कोणाच्या बापाला भ्यालो नाही, पण कडी वाजली की आता डोळे गच्च मिटून घेतो. हा माझ्या भावाचा मुलगा, याला मी पाढे शिकवले.

तू कच्चा दुवा विचारलास. अंडं खाली न ठेवता धाग्याने का टांगतात, याचा मी पडून विचार करत होतो. अळ्या पुरत्या लुळ्या झालेल्या नसतात. त्या वळवळतात. अंडं तळाशी असतं तर त्यांच्याखाली चिरडलं असतं. म्हणजे नांगी बसली तरी अळीत थोडी हालचाल उरतेच. हे सुचलं त्या दिवसापासून मी गोळ्या गालात धरतो आणि तो गेला की खिडकीबाहेर थुंकतो. रोज जमत नाही. कधी कधी तो पाणी पाजून तोंड उघडायला लावतो. परवा त्याने माझ्या तळपायाला चिमटा काढून पाहिला. मी हललो नाही.

सव्वीस तारखेला घराच्या कागदावर अंगठा घ्यायला मला हिंगणघाटला नेणार आहेत, असं दोघांचं बोलणं ऐकलं. त्याला फोन करू नकोस. संशय आला तर त्याच्याजवळ इंजेक्शनही आहे. पत्र धुरपताच्या पत्त्यावर टाक. ती मागच्या खिडकीशी येते.

लवकर ये.

बाबा


अल्लीपूर
१९ सप्टेंबर २०२५

आदरणीय जागृतीताई,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आपण काकांची काळजी करू नये. वयोमानाने त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. किड्यांविषयी काहीबाही बोलत असतात, तेव्हा तसल्या विषयाची पत्रं कृपया पाठवू नयेत. त्यांना आराम मिळावा म्हणून बाहेरच्या माणसांची ये-जा बंद केली आहे. आता ते अगदी शांत असतात. हात उचलला तरी हलवत नाहीत. जया चमच्याने भरवते.

प्रवासाची दगदग करू नये. आम्ही आहोतच. आपली कृपादृष्टी आहे तशी राहू द्यावी.

आपला
प्रफुल


वर्धा
२५ सप्टेंबर २०२५

ती. धुरपता आत्यांना,
जागृतीचा जयभीम. वि. वि.

बाबांचं आणि प्रफुलचं, दोन्ही पत्रं परवा एकदमच हाती पडली आणि मी मिळेल त्या गाडीत बसले. मी येत नाही, असं प्रफुलला गोड बोलून कळवलंय. तुमचा मुलगा नागसेन इथे ऑटो स्टँडवर भेटला, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देते. तो बोलका आहे, म्हणून त्याला काही सांगितलेलं नाही. वाचून झाली की चुलीत टाका.

माझी शाळेतली मैत्रीण मयुरी इथे डॉक्टर आहे, ती सोबत येते. पोलीस उद्या सकाळी, प्रफुल हिंगणघाटला निघायच्या आत, माणूस देतो म्हणाले. आत्ता पोलिसांशिवाय आले तर प्रफुल दार उघडणार नाही, आणि आत काय करील याची मला धास्ती वाटते.

आत्या, एक काम तुम्हीच करू शकता. प्रफुल लिहितो की बाबा हात हलवत नाहीत. ते सोंग आहे की खरंच, हे मला कळत नाही, आणि त्याने माझा जीव थाऱ्यावर नाही. दिवस मावळायच्या आत मागच्या खिडकीच्या गजांतून हात घाला आणि बाबांचा हात दाबून पाहा. त्यांनी उलट दाबला, तर कानाशी हळूच सांगा की पोरगी वर्ध्यापर्यंत आली आहे, आजची रात्र मुळीच हलू नका.

आणि नाहीच दाबला, तर नागसेनला त्याच पावली परत पाठवा. मग मी सकाळची वाट पाहणार नाही.

तुमच्या मायेच्या भरवशावर आहे.

तुमची
जागृती