कांदा चिरला मघाशी

१७ एप्रिल १९८३
काल सातपूरच्या वसाहतीत चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम. रेकॉर्डिंगचं मशीन नेलं नव्हतं, नुसते कान नेले होते. बाळू गांगुर्डे गायला. ऑर्केस्ट्रात हा एकटाच पुरुष आणि बाई दोन्ही गातो, म्हणून गाव त्याला बाळूबाई म्हणतं. पण जयंतीला बाईचा आवाज काढत नाही, स्वतःचा लावतो. जाड, किंचित खरखरीत, दिवसभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचा. मला हाच जास्त आवडला. आवडून काय करणार? विकली जाते ती बाई.

२ मे
बाळू दुकानात. "शेठ, माझी एक कॅसेट काढा. सा गानी हायेत. शब्द बी माझे, चाल बी माझी."
मुंबईला जाऊन आला म्हणे. तिथे कॅसेट कंपनीने त्याला जिन्यातच ऐकलं आणि जिन्यातूनच परत पाठवलं. नाशिकच्या गाणाऱ्यांची कॅसेट काढणारा गावात मी एकटा, म्हणून इथे.
पाच गाणी त्याच्या आवाजातली. सहावं दुहेरी. नवरा बऱ्याच दिवसांनी घरी येतो, विचारतो, डोळे कशाने भरले गं? ती म्हणते, कांदा चिरला मघाशी, दुसरं काही नाही. 'नाही'वर वरच्या सा ला जातो आणि तिथेच उभा राहतो. समोरच्या तांबटाची ठोकाठोकी थांबली.
म्हटलं, "गणपतीत हे दुहेरी लावून बघू. लोकांनी उचललं तर दिवाळीला कॅसेट."
"शब्द देता?"
दिला.

२० ऑगस्ट
तालीम ऐकली. बाईच्या आवाजाला काठाकडे सुतं सुटलीत, जुनी कॉलर उसवते तशी. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. बोललो नाही. गाणाऱ्याला घशाचं सांगितलं की तो गाणं सोडून घसाच ऐकत बसतो. शिवाय मंडळाचं बोलणं पक्कं झालेलं.

१५ सप्टेंबर
पंचवटीतलं मंडळ. गर्दी रस्त्यापर्यंत. सुरुवातीची गाणी झकास. मग दुहेरी. नवऱ्याचं विचारून झालं, बायकोचं उत्तर सुरू झालं, 'दुसरं काही'पर्यंत लोणी. 'नाही'वर फाटला. दोन हातांनी लुगडं फाडावं तसा.
मग पुढच्या रांगेतून एक जण, "बाळूबाईला दाढी आली रे." त्यानंतर जे हसणं सुटलं ते मांडवाच्या कापडाला हलवून गेलं.
आणि वन्समोअर.
बाळूला वाटलं, लोक आपल्याला सुधारून घ्यायला सांगतायत. हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून 'आभारी आहे' म्हणाला. पुन्हा गायला. पुन्हा तिथेच. पुन्हा वन्समोअर. पुन्हा हात जोडले. त्याला कळेपर्यंत अख्ख्या मांडवाला कळलं होतं की त्याला कळलेलं नाही, आणि हसायचं ते त्यालाच.
मशीन चालू होतं. मी बंद केलं नाही.

१७ सप्टेंबर
दुकानात सहज लावलं. फुटपाथ अडला. दोघा-तिघांनी कॉपी मागितली. संध्याकाळपर्यंत दोन्ही डेक तापले. कॅसेटच्या पाठीवर काय लिहायचं म्हणून 'का.ना.' लिहिलं. काही नाही.

२८ सप्टेंबर
गाव भरून का.ना. सलूनमध्ये वस्तरा लागला तर न्हावी म्हणतो, दुसरं काही नाऽऽही. सिटी बसचा कंडक्टर सुटे मागितल्यावर तेच. बँकेत कॅशियर चेक परत देताना तेच, आणि गिऱ्हाईक चिडायचं सोडून हसतं. आज सौ. गप्प होती. विचारलं, काय झालं? तिने फाटक्या आवाजात उत्तर दिलं. दोघंही पोट धरून हसलो.
कॅसेटी दुरुस्तीला यायला लागल्या. टेप चुरगळलेली असते ती एकाच जागी. तेवढंच मागे घेऊन घेऊन ऐकतात.

६ ऑक्टोबर
बाळू आला. दुकानात गिऱ्हाइकं होती, त्यांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. ती जाईपर्यंत थांबला.
"शेठ, त्ये बंद करा."
म्हटलं, "मी बंद केलं तर दुसरा विकेल. निम्म्या गावात टेप आहे, एकाची दुसऱ्यावर होते."
"मग माझी कधी काढता? दिवाळी म्हनला होता."
"बाळू, आता तुझं नाव घेतलं की लोक आधी हसतात, मग कॅसेट हातात घेतात."
"घेत्यात ना पन?"
हा मुद्दा मला सुचला नव्हता.
निघताना सांगितलं, वसाहतीत बोलणं वेगळंच आहे. गणपतीपुढे बाई व्हायला गेला, बरं झालं, म्हणतात. हे त्याने हसत सांगितलं. जायची दोन्ही दारं बंद झालेला माणूस असं हसतो.

१५ ऑक्टोबर
त्याची बायको, इंदू. आत आली नाही, पायरीवर उभी.
"भाऊ, घरात ते आता गात नायीत. बोलत बी नायीत मोठ्यानं. गरम पानी पितात आन गप बसतात. पोरीला शाळेत 'काही नाही' म्हनून हाका मारतात."
म्हटलं, "वहिनी, चार दिवसांनी लोक विसरतील."
"तुमी हसला का हो त्या दिवशी?"
"माझ्या कानाला हेडफोन होता."
खरंच होता. हेडफोनमध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतं.

७ नोव्हेंबर
पाडव्याला चांदवडच्या व्यापाऱ्यांचा कार्यक्रम होता. बाळूला बोलावणं माझ्यामार्फत आलं. अट एकच, फाटला पाहिजे. मला वाटलं शिवी देईल. "येतो" म्हणाला.
मी स्टेजवर मशीनपाशी. 'नाही' आलं आणि फाटला. बरोबर समेवर. फाटून जिथे पडला तोही सूरच. बसवलेला होता. घरी दारं लावून तालीम केली असणार. फाटका आवाज सुरात फाडायचा, हे मी तरी आजवर ऐकलं नव्हतं.
लोक हसले, पण पंचवटीसारखे नाही. आभाराला उठलेल्या आडत्याने माइकवरच सांगितलं, "कॅसेटसारखं नाही झालं मास्तर. जरा मनापासून फाडा."
परतताना जीपमध्ये बाळू म्हणाला, "शेठ, तुमाला कळलं का?"
"मला कळलं. त्यांना नाही."
"त्यांना बी कळलं," म्हणाला. नाशिक येईपर्यंत बाहेर बघत बसला.

४ डिसेंबर
संध्याकाळच्या पेपरने वाचकांकडून 'वर्षाची आवडती करमणूक' मागवली होती. आज निकाल. सिनेमे मागे, तमाशे मागे, जूनमधली क्रिकेटची मॅचसुद्धा मागे. पहिलं का.ना. सत्कार ठेवलाय, शाल, श्रीफळ आणि त्याचंच गाणं. संपादक फोनवर म्हणाले, "कलावंताला न्याय मिळाला." ते गंभीर होते. मला हसू आवरेना, खोकल्यासारखं केलं.

२२ डिसेंबर
बाळू. चेहरा उतरलाय, पण बोलला तेव्हा मान वर झाली माझी. घसा धुतल्यासारखा. दीड महिना गप्प बसून काठ पुन्हा शिवलाय त्याने. कारखान्यातसुद्धा खुणांनी बोलतो म्हणे, तिथे त्याला मुका म्हणायला लागलेत. आता मुका आणि बाई दोन्ही.
"सत्काराला मशीन आना. गाईन त्ये घ्या. मधी बंद करू नका."
म्हटलं, "मी कधी बंद केलं?"
तो माझ्याकडे बघत राहिला. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

२५ डिसेंबर
सत्कार काल झाला. हॉल भरलेला, खिडक्यांत माणसं. शाल घातली. भाषणात वक्ते मधूनमधून 'दुसरं काही नाही' म्हणायचे आणि टाळ्या घ्यायचे. इंदू आणि पोरगी पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. पोरगी खाली बघत होती.
गायला लागला. नवऱ्याचा प्रश्न. बायकोचं उत्तर. मी मशीनवरच्या सुईकडे बघत होतो. 'नाही'वर गेला आणि उभा राहिला. कुठे दोरा नाही, गाठ नाही. थांबला, थांबला, मग पायरी पायरीने खाली आला. कांदा चिरणारी ती बाई खोटं बोलतेय हे मला आजवर शब्दांतून कळत होतं. काल सुरातून कळलं.
हॉल गप्प. मला वाटलं जिंकला. जिंकला नव्हता. ते अजून वाट बघत होते.
मग मागून, "फाडा ना राव." एका लयीत टाळ्या सुरू झाल्या. "फाडा, फाडा." बाळूने पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा अखंड. आता लोक चिडले. आपली वस्तू कुणी लपवून ठेवल्यासारखे. तेवढ्यात खिडकीत बसलेल्या कॉलेजच्या पोराने त्याच्या जागी फाटका 'नाही' काढला, हुबेहूब कॅसेटसारखा. हॉल कोसळला. वन्समोअर. त्या पोराला.
बाळूने खिडकीकडे वळून त्या पोराला हात जोडले.
ह्या वर्षी माझ्या कानांनी ऐकलेलं हे पहिल्या नंबरचं. पेपरला कळवणार नाही.

२९ डिसेंबर
बाळू आणि इंदू. ती पायरीवरच.
"शेठ, आता काढा. एका बाजूला फाटलेलं टाका, गनपतीतलं. दुसऱ्या बाजूला परवाचं आन माझी पाच."
हेच मी सुचवणार होतो, कसं बोलावं ते जुळवत होतो. त्यानेच माझं काम केलं. तरी म्हटलं, "फाटलेलं कशाला? ते तर घरोघर आहे."
"त्याच्याबिगर हातात कोन घेईल?"
पायरीवरून इंदू म्हणाली, "उलटी करून कोन ऐकतं हो? पयल्या बाजूला पोट भरलं की काढून ठेवतात."
"कोनतरी करंल उलटी," तो म्हणाला.
"कोन?"
त्याने माझ्याकडे बोट केलं. ती माझ्याकडे बघून हसली. ते हसणं टेपवर घेता आलं असतं तर कुणी विकत घेतलं नसतं.

८ जानेवारी १९८४
दुपारी शटर ओढून त्याची पाच गाणी घेतली, त्याच्या स्वतःच्या आवाजात. एक पेटी, एक ढोलकी. समोरच्या तांबटाला थांब म्हणून सांगायला गेलो तर तो आधीच हातोडी ठेवून बसला होता. सगळी एका दमात. सायखेड्याच्या नदीवरचं एक आहे, ते ऐकताना हेडफोन काढून ठेवले. नुसत्या कानांनी ऐकलं.

२१ जानेवारी
कॅसेट खपतेय. कव्हरवर बाळूचं तोंड उघडं, खाली 'वर्षाची आवडती करमणूक'. फोटो मी निवडला. गिऱ्हाईक परत आलं की विचारतो, दुसरी बाजू ऐकली का? "दुसरी भरलीय का?" म्हणतात. एकाने दुसऱ्या बाजूवर सिनेमाची गाणी भरून मागितली. जागा वाया कशाला घालवायची, म्हणाला. सातपूरचाच होता. भरून दिली.

२ फेब्रुवारी
बाळू हल्ली कारखाना सुटला की येतो. गल्ल्याजवळ स्टुलावर बसतो. आलेल्या माणसाच्या हाताकडे बघतो, कॅसेट कुठून धरतो, उलटी करतो का.
आज ओझरकडचा एक जण आला. बरा वाटला, कपाळाला अष्टगंध, हातात पिशवी. त्याने कॅसेट घेतली, कव्हर बघून हसला आणि उलटी केली. बाळू स्टुलावरून उठला.
तो माणूस मला म्हणाला, "हे फाटलेलं ऐकलंय मी पाव्हण्याकडं. पण ह्या बाजूला काय हाये?"
सांगायला तोंड उघडलं. इतके दिवस ह्याच प्रश्नाची वाट बघत होतो. नदीवरचं सांगू की सत्काराचं, ते ठरत नव्हतं.
माझ्याआधी बाळू बोलला.
"दुसरं काही नाही."
फाटला. तिथेच. त्या माणसाने त्याच्याकडे बघितलं, कव्हरकडे बघितलं, ओळख पटली. गल्ल्यावर हात आपटून हसला. "अरे, हे तर सोताच." दोन घेतल्या, एक पाव्हण्याला. पुन्हा एकदा म्हणा म्हणाला. बाळूने हात जोडले.
तो गेल्यावर बाळू स्टुलावर बसला. मी पाण्याचा ग्लास दिला.
चांदवडला मशीनपाशी बसून मला कळलं होतं. आज हातभर अंतरावर होतो. खरा फाटला की फाडला, मला ऐकू आलं नाही. विचारलंही नाही. पाणी पिऊन उठला. पायरीवर थांबून म्हणाला, "शेठ, उद्या येतो."