उडीखालची ओळ

कोइंबतूर, मुलींचं वसतिगृह
गुरुवार

प्रिय अल्ली,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझी मामेबहीण आज तुमच्या कारैकुडीला निघाली आहे, तिच्या हाती देते. पोस्टावर माझा विश्वास नाही. हसू नकोस. माझा कशावरच विश्वास नसतो, मेसच्या सांबारावरसुद्धा नाही, हे एका खोलीत राहून तुला चांगलं ठाऊक आहे.

म्हणून तुझ्यावरही संशय घेतला, लपवत नाही. तिलकवती मॅडमनी आपला दोघींचा आणि वर्गातल्या इलंगोचा प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "काय गं, जुळी भावंडं का ही?" मी त्याचा प्रोग्राम नीट वाचून पाहिला. प्रत्येक उडीखाली एक रिकामी ओळ! आपला तो प्रोसेसर असा, की अमुक ठिकाणी उडी मार म्हणून हुकूम दिला, तरी खालची एक ओळ करूनच पुढे जातो. ती त्याने आधीच हातात घेतलेली असते. सगळा वर्ग तिथे काहीतरी कामाची ओळ बसवतो. घाबरट तू एकटीच तिथे 'काही करू नकोस' असं लिहितेस. आपण मॅडमना दिलेल्या प्रोग्राममधल्या त्या ओळी मी भरून काढल्या होत्या. म्हणजे इलंगोकडे गेला तो तुझा कच्चा मसुदा. तो तुझ्याशिवाय कोण देणार?

मग मला सगळंच दिसायला लागलं. कँटीनच्या कोपऱ्यात तू त्याच्याशी बोलत होतीस आणि तो हसत होता. मी खोलीत आले की तू फोन पालथा ठेवायचीस. सरळ विचारायचं सोडून मी नुसते टोमणे मारत राहिले: "काय बाई, हल्ली लोकांना दानधर्म फार सुचतोय!" आणि एका सकाळी तू बॅग भरून घरी निघालीस. दारापर्यंत गेलेली परत फिरलीस, गॅलरीत वाळत घातलेली माझी ओढणी आत आणून ठेवलीस आणि मग गेलीस. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. म्हटलं, मन खातंय हिचं.

काल इलंगोला जिन्यातच गाठलं. "खरं सांग, अल्लीने प्रोग्राम का दिला तुला?" तो चक्रावून म्हणाला, "तीही हेच विचारत होती. वडिवूने का दिला म्हणून! मी घाबरलो, नुसता हसलो. अगं, कुणी नाही दिला. लॅबमधलं खिडकीजवळचं मशीन प्रत्येकाच्या फाईलची प्रत आपणहून ठेवून घेतं. मी बसलो, दिसला, उचलला." एक सणसणीत द्यावीशी वाटली. पण मग त्याचं पहिलं वाक्य डोक्यात शिरलं आणि हात तिथेच राहिला.

तशीच मॅडमकडे धावले. त्या म्हणाल्या, "पण अल्ली तर गावची बस पकडायच्या आधी माझ्याकडे येऊन कबूल करून गेली. मीच दिला, वडिवूला काही माहीत नाही, म्हणाली. तिचं वर्ष जाणार, मी तरी काय करू?" अल्ली, तुला वाटत होतं की मी दिला, आणि तरी तू माझ्यासाठी खोटं बोललीस. मला वाटत होतं की तू दिलास, आणि मी कूस बदलून पडून राहिले. मला रडू येतंय, आणि तुझा रागही येतोय. सोमवारी चौकशी आहे. इलंगो खरं सांगतो म्हणालाय, पण त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही, आणि तू स्वतः येऊन शब्द मागे घेतल्याशिवाय मॅडमचंही काही चालणार नाही. उडी तू मारलीस खरी, पण खालची ओळ अजून व्हायची आहे. या वेळी तिथे 'काही करू नकोस' लिहू नकोस. ये.

तुझीच,
वडिवू