पोटाशी धरलेला डबा

अण्णा, भिंगारचं घर रिकामं करताना तुमची हिरवी ट्रंक मी सावेडीला माझ्या फ्लॅटवर आणली. भाऊ म्हणाला, भंगारात दे, आत पलटणीतले फोटोच आहेत आणि त्यातही अण्णा नाहीत. खरंच होतं ते. लहानपणी आम्ही ते फोटो कितीदा तरी जमिनीवर पसरून बसायचो. तंबूपुढे हसणारे जवान, बर्फात नुसत्या बनियनवर उभा राहिलेला एक वेडा, रणगाड्यावर पाय सोडून बसलेली टोळी. तुम्ही एकातही नाही. आई चेष्टेनं म्हणायची, "हे कसले सापडतात? लंगरात जेवत बसले असतील." तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात आणि फोटो गोळा करून परत ट्रंकेत ठेवायचात. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता, तेव्हा आम्ही पेन्शनच्या कार्डावरचा मोठा करून आणला. गालफडं बसलेली, नजर हरवलेली. त्यालाच हार घातला. त्याला आता बरीच वर्षं झाली. मीही म्हातारी झाले, आणि मला एकदा तरी तरुण अण्णा बघायचे आहेत, बाकी काही मागणं नाही. मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी येतो. उरलेले दिवस मी जेवणाच्या टेबलावर तुमचे जवान मांडून बसते. जेवायला एकटीच असते, एक कोपरा पुरतो.

तुम्ही म्हणाल, मास्तरीण रिटायर झाली तरी पेपर तपासायची खोड काही गेली नाही. मग काय करणार? तुम्ही सापडत नाही तर निदान हे फोटो काढले कुणी आणि कशानं, ते तरी कळावं म्हणून मी मोबाईलवर जुन्या कॅमेऱ्यांची चित्रं बघायला लागले. तुमचे फोटो सगळे एकाच मापाचे, चौकोनी. त्यात एक गंमत माझ्या लक्षात आली. मैदान जिथं आभाळाला टेकतं ती रेघ प्रत्येक फोटोत उभ्या जवानांच्या पट्ट्यापाशीच येते. क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, हे मी आयुष्यभर भूगोलाच्या तासाला पोरांकडून घोकून घेतलंय. म्हणजे या कॅमेऱ्याचा डोळा कुणाच्या तरी पोटाच्या उंचीवर होता. वरच्या काचेतून खाली वाकून बघायचं, असा तो पेटीसारखा कॅमेरा. दोन-तीन फोटोंत तर उन्हं पाठीमागून आलेली आहेत आणि पुढ्यातल्या मातीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली आहे. कोपरं बाहेर, मान खाली. मी त्या सावलीवरून बोट फिरवलं आणि हा कोण बाबा, म्हणून पुढं गेले.

मग जामखेडहून आत्याचा फोन आला. तिला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे दोन्हीकडून ओरडणं. मी विचारलं, "आत्या, अण्णांच्या पलटणीत कॅमेरा कुणाकडे होता गं?"

"क्यामेरा मला ठाव न्हाई बाई. दादाकडं डबा हुता."

"कसला डबा?"

"फोटूचा! सुट्टीवर आला का पोटाशी धरायचा नि मुंडी खाली घालून बगत बसायचा. आमी लई हसायचो. म्हनायचो, दादा, डब्यात काय भाकर हाय का? पुढं कुठं गेला कुनाला म्हाईत. तुमाला कधी सांगितलं न्हाई व्हय?"

मी फोन ठेवला आणि तिथंच बसले. दवाखान्यातले तुमचे शेवटचे दिवस आठवले. बोलणं जवळजवळ गेलं होतं. एकच शब्द स्पष्ट यायचा. "डबा. माझा डबा." मी धावत पुढं होते, "आणलाय अण्णा," म्हणते, झाकण काढते, तुमची आवडती हुलग्याची शेंगोळी कुस्करून चमचा तोंडाशी नेते. तुम्ही डब्याकडे बघता, मग माझ्याकडे, आणि तोंड भिंतीकडे फिरवता. दुसऱ्या दिवशी मी आणखी मऊ शिजवून आणते. नर्स म्हणते, अन्नावरची वासना गेली की असंच होतं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. आमच्या घरात डबा म्हणजे जेवणाचा, दुसरा डबा आम्हाला माहीतच नव्हता. ट्रंक तर तुमच्या खाटेखाली होती, भिंगारला. निदान फोटो तरी आणून दाखवले असते. फार लागलं मला ते, अण्णा. अजून लागतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत झाली. ज्याला शोधत होते तो प्रत्येक फोटोच्या अलीकडच्या बाजूला उभा होता. ते जवान ज्याच्याकडे बघून हसतात ते तुम्हीच. पण चेहरा? चेहरा नाहीच. एका फोटोत मात्र एक जवान तंबूच्या दोरीला टेकून उभा आहे. त्याच्या हातात पुढं भाता निघालेला लहानसा कॅमेरा आहे, डोळ्याला लावलेला, दुसरा डोळा मिटलेला. तो तुमचाच फोटो काढतोय. तुम्ही त्याचा, तो तुमचा, पोरांचा खेळ नुसता. त्याच्या भिंगात तुम्ही दिसाल म्हणून मी मोबाईलवर तो फोटो मोठा मोठा करत गेले. एक पांढरा ठिपका दिसला, मग ठिपक्याचाही चुरा झाला.

म्हणजे तुमचा तो फोटो आहे, किंवा होता. कुठल्या गावी, कुणाच्या घरी, देव जाणे. त्या जवानाचं नाव मागे लिहिलेलं नाही. त्याच्याही घरी एखादी मुलगी विचारत असेल, हा खाली मान घालून उभा असलेला माणूस कोण, आणि तिला सांगायला आत्या नसेल. तो फोटो मला कधी मिळणार नाही.

हे पत्र घालायला पत्ता नाही, ते मला कळतं. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पेन्शनच्या कार्डावरचा फोटो मी भिंतीवरून काढला आणि तिथं त्या जवानाचा लावला. त्या घडीला तुम्ही कसे दिसत होता ते त्यानं पाहिलंय. परवा शेजारीण चहाला आली होती. तिनं विचारलं, "हे तुमचे वडील का हो?" मी हो म्हणाले.