साबणाच्या डबीतलं भजन

मंगळ., १८ नोव्हें.
आज एसटीनं आलं, जुन्नरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या रफीकभाईंकडून :
छोटा कॉम्प्युटर, नुसता बोर्ड - २४५०
कार्ड ३२ जीबी - ३८०
बोर्डापासून टीव्हीपर्यंतची केबल - १५०
चार्जर - ३२०
डबी ४५० सांगत होते, घेतली नाही. साबणाची डबी आहे घरात. पेनड्राइव्ह घरचाच. २ डिसें.पर्यंत पसंत नाही पडला तर परत घ्यायची बोली.

बोर्ड विड्याच्या पानाएवढा. वर काळे चौकोन, सोनेरी टाके, कडेला भोकं. ह्यांनी तळहातावर घेऊन वजन पाहिलं. "एवढ्या पैशात एवढंच? माझ्या टेम्पोचं कुलूप याच्यापेक्षा जड आहे."

दसऱ्याच्या आधी आत्या, म्हणजे सासूबाई, पडल्या, खुब्याचं हाड. तेव्हापासून खाटेवर. त्यांचा चाळीस वर्षांचा नेम, दिवेलागणीला देवळात मंडळाचं भजन म्हटल्याशिवाय रात्रीचा घास नाही. आता देवळाचं छप्पर उतरवलंय, मंडळ शाळेच्या ओसरीत बसतं, तिथून आमच्याकडं आवाज येत नाही. ह्यांच्या फोनवर लावून पाहिलं. मधेच दंतमंजनाची जाहिरात. आत्या म्हणाल्या, "माझा नेम मोडला, पहिल्यापासनं लाव." पहिल्यापासून लावलं, पुन्हा जाहिरात. त्या दिवशी दूधही घेतलं नाही.
मंचरच्या डॉक्टरांनी बजावलंय, गोळ्या उपाशीपोटी नकोत. वजन एक्केचाळीसवरून अडतीस झालंय.

मंडळाची अकरा भजनं तिथल्या सरूकाकूंकडून पेनड्राइव्हवर भरून आणलीत. आपल्याच बायका, आपलीच चाल. नेट नको, जाहिरात नको. टीव्हीवर लागलं की झालं.

बुध., १९
नाही लागलं.
काल रीतीप्रमाणे बोर्ड देवापुढं ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. टेम्पो आला तेव्हाही केलं होतं, मिक्सरलाही. आज सगळं जोडलं. लाल दिवा लागतो. शेजारचा हिरवा लुकलुकायला हवा, तो मिटलेला. टीव्ही म्हणतो, सिग्नल नाही.
फुंकर मारली. मऊ फडक्यानं पुसला. हळद चिकटून बसलीय टाक्यांना. कार्ड पुरतं आत जात नाही, केसभर बाहेर राहतं. जोर केला नाही.
आत्यांचं आज अर्धी वाटी वरण.

गुरु., २०
जुन्नरला गेले. रफीकभाईंना खरं ते सांगितलं. ते हसले नाहीत. चष्मा वर केला, भिंगाखाली धरला.
"ताई, माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक टीव्हीला कुंकू असतं. पण लोक डब्याला लावतात. तुम्ही थेट मेंदूलाच लावलंत."
सुईनं कार्डाच्या फटीतून तांदळाची कणी काढली. अक्षतेची. कार्ड टक्क बसलं, हिरवा दिवा लुकलुकला. पैसे घेतले नाहीत. कणी मात्र मला परत दिली. "घरची आहे, घेऊन जा." पदराला बांधून आणली, तुळशीत टाकली.

दुकानात विचारूनच घेतलं, हे आहे तरी काय. काचेखाली तीन बोर्ड होते, सगळ्यांची नावं फळांची. म्हटलं, उपासाचं ताट मांडलंय की. एक याहून लहान, एक हा, एक मोठा. मोठा ६२०० ला. तिघांत फरक काय, तर रॅम जास्त. रॅम म्हणजे काय, तर काम चालू असताना लागणारी जागा.
मी म्हटलं, "म्हणजे ओटा. कार्ड म्हणजे कोठी. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा लहान असला की एका वेळी एकच भाकरी."
र.भा. म्हणाले, "वीस वर्षं गिऱ्हाइकाला समजावतोय, ओटा नाही सुचला कधी."
आम्हाला एका वेळी एकच भाकरी लागते. हाच बरा.

शनि., २२
लागलं. दिवेलागणीला पहिलं भजन, टीव्हीवर, जाहिरातीशिवाय. आत्यांनी हात जोडले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग एक भाकरी दुधात कुस्करून. वहीत वेगळ्या शाईनं लिहिलंय.
साबणाची डबी फार तापते. दाभण तापवून झाकणाला अठरा भोकं पाडली. आता हात ठेववतो.

रवि., २३
दुसरं भजन लावलं, गोंधळ. चित्र अडकतं, आवाज पुढं पळतो, मग चित्र धावत मागून येतं. आत्या म्हणाल्या, "सरूचा आवाज आला, तोंड अजून मिटलेलंच हाय. कुनाच्या टाळावर टाळ धरू मी?" टाळ खाली ठेवला. ताट परत.
पहिलंच पुन्हा लावते म्हटलं. "रोजचं भजन रोजचं आसतं. कालचं शिळं." 

सोम., २४
हे बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते. आल्यावर सांगतात, बैलाचे व्यापारी विचारत होते, "काय राव, तुमच्यात म्हनं साबनाच्या डबीतून भजन येतंय?" ह्यांनीच सांगितलं असणार. वर मला म्हणतात, "मोठा घेऊन टाक. आईच्या घासापुढं तू पावणेचार हजार बघतेस?"
पावणेचार हजार बघत नाही. मोठा आणला आणि तोही अडकला तर? कशानं अडकतं ते तरी कळायला हवं आधी. तांदळाची कणी सापडली तसं काहीतरी असणार.
आत्या दोन घास.

बुध., २६
अकरा भजनं, वहीचं एक पान. कोणतं नीट, कोणतं अडकतं. दिवसभर, स्वयंपाक सांभाळून.
नीट : १, ४, ५, ९
अडकतं : २, ३, ६, ७, ८, १०, ११
ओळ लागेना. लांबी पाहिली, तसं नाही. मोठा आवाज, लहान आवाज, तसंही नाही. मग लक्षात आलं, नीट चालणाऱ्या चारांत ओसरीचा खांब डावीकडं दिसतो, बाकी सातांत उजवीकडं. म्हणजे चित्र घेणारी बाई वेगळी. सरूकाकूंकडं गेले. चार त्यांच्या जुन्या फोनवरचे, सात त्यांच्या सुनेच्या नव्या फोनवरचे.
नवा फोन महागाचा, चित्र काचेसारखं, आणि तेच अडकतं. गंमतच.
र.भां.ना फोन लावला. म्हणाले, नवे फोन चित्र फार घट्ट बांधून ठेवतात, जागा वाचावी म्हणून. आपल्या बोर्डाला ती गाठ सोडवता सोडवता दम लागतो. मोठ्या बोर्डात गाठ सोडायला वेगळा हात दिलेला असतो.
"मग आपणच गाठ सैल बांधली तर?"
"ताई, तुम्ही दुकान टाका. मी शेती करतो."
सुनेच्या फोनच्या कॅमेऱ्यात कुठं जायचं, ते सांगितलं. जागा वाचवणारी खूण असते, ती काढायची. लिहून घेतलंय.

शनि., २९
चार नीट भजनं संपली. आता शिळं. आत्या दोन दिवस दूध आणि अर्धं केळं. नर्स येऊन गेली, बीपी कमी. नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं, म्हणाल्या, आणखी आठवडा असंच चाललं तर सलाइनला न्यावं लागेल. मी काय करू? नेम त्यांचा आहे. सोडा म्हणायला माझी जीभ वळत नाही. माझाच कुणी सोड म्हटलं तर?
आत्यांना नुसतं म्हटलं, सोमवारी एकादशी आहे, मी स्वतः जाऊन नवं भरून आणते. "तुला येतंय ते?" म्हटलं, शिकतेय.

सोम., १ डिसें., एकादशी
शाळेच्या ओसरीत गेले. सुनेचा फोन घेतला, खूण काढली. दोनदा तपासली. बायकांना सांगितलं, आत्यांसाठी भरतेय.
आमच्या मंडळात दोन बाजू समोरासमोर बसतात. एक कडवं डावीकडच्यांनी सुरू करायचं, पुढचं उजवीकडच्यांनी. डाव्या बाजूची सुरुवात आत्यांची. त्या पडल्यापासून सरूकाकू उचलतात.
सुरू व्हायच्या आधी सरूकाकू म्हणाल्या, "थांब गं. तिच्यासाठी भरतीस ना? मग डाव्या बाजूचं पहिलं कडवं आमी न्हाई म्हनत. टाळ वाजू दे नुसता. तिचं तिनं म्हनावं."
रिकामी जागा होतीच डाव्या बाजूला, आत्यांची सतरंजी अंथरलेली. रोज अंथरतात म्हणे. मला माहीत नव्हतं.
सतरंजीही आत येईल असा फोन धरला. चित्रात दिसेल.

मंगळ., २ डिसें.
परत करायची आजची शेवटची तारीख. बोर्ड एसटीनं पाठवायचा तर चारच्या गाडीला द्यायला हवा होता. दिला नाही. नीट लागलं नसतं तर पैसे गेले असते. गेले असते तर गेले असते.

दिवेलागणीला लावलं. अडकलं नाही. खांब उजवीकडं, आवाज आणि तोंड एकत्र. आत्यांच्या हातात टाळ दिला.
पहिलं कडवं आलं. टीव्हीत नुसते टाळ. आत्या बघत राहिल्या. मला वाटलं, कळलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे मागून म्हणाले, "गप."
ते कडवं तसंच रिकामं गेलं. उजवी बाजू म्हणाली. मग पुन्हा डावी. पुन्हा टाळ. सरूकाकू चित्रात समोर बघतायत, थेट आमच्याकडं.
आत्यांनी उचललं. आवाज फाटलेला, पण सुरात. शेवटपर्यंत म्हटलं.
दीड भाकरी, पालेभाजी, ताक. वर म्हणतात, "मीठ कमी घातलंस आज."

गुरु., ४
रोज लागतं. सुनेनं बाकीची सातही सैल गाठीनं पुन्हा भरून द्यायचं कबूल केलंय, रोज एक. प्रत्येकात डाव्या बाजूची जागा मोकळी.
आज आत्यांनी विचारलं, "मढला लागंल का गं हे?"
मढला त्यांची धाकटी बहीण, इंदूमावशी. डोंगराकडच्या वाडीत. गुडघ्यांनी दोन वर्षं बाहेर नाही. वाडीत रेंज नाही, फोन लावायचा तर माणूस घाटरस्त्यापर्यंत चढून जातं. लहानपणी माहेरच्या देवळात दोघी समोरासमोर बसायच्या. ही म्हणायची, ती झेलायची.
"पाच वरसं झाली तिचा आवाज ऐकून. इंदीला पाठव एक."
म्हटलं, पाठवते. मग म्हणाल्या, "मी हिथं म्हनन, ती तिथं म्हनंल. मला तिचा आवाज येईल का त्यातनं?"
नाही म्हणाले. ते यातून होत नाही.
आत्यांनी उशाचा टाळ जवळ ओढला. मग, "बरं. टाळ तर एकच आसंल."

शनि., ६
जुन्नर. दुसरा बोर्ड, तसाच. दुसरी साबणाची डबी, भोकं पाडून तयार. हळद-कुंकू डबीच्या झाकणालाच लावलंय. र.भां.ना दाखवलं, त्यांनी मान डोलावली.
त्यांनी विचारलं, "मढचा टीव्ही कोणता?" चपटा की जुना पोट असलेला, मलाच माहीत नाही. दिवाळीपासून आमच्याकडचं कुणी तिकडं गेलेलं नाही. जुना असला तर आपली केबल बसणार नाही, मधे जोड देणारी एक डबी लागेल, आणि ती आधीच जोडून द्यायला हवी. पाठवलं आणि तिथं जोडताच आलं नाही तर मावशींना नुसतीच आशा लावल्यासारखं. विचारल्याशिवाय नाही पाठवायचं.
हे म्हणाले, मीच जातो एक दिवस. पण कांद्याची लागण चालू आहे. पत्रच बरं. दोन-तीन दिवसांत पोचतं.

रवि., ७
इंदूमावशींच्या सुनेला, लताला, पत्र लिहिलं. नक्कल :

चि. सौ. लता हीस, अ. उ. आशीर्वाद.
इकडं सर्व ठीक. आत्या आता जेवतात. तुझ्या सासूबाईंसाठी एक लहान यंत्र तयार करून ठेवलंय, साबणाच्या डबीत. त्याला नेट लागत नाही, रेंज लागत नाही. टीव्हीला जोडायचं, बटण दाबायचं, आमच्या मंडळाचं भजन लागतं. जोडायचं कसं ते चित्र काढून पाठवीन, अवघड नाही, मला जमलं तर तुला जमेल.
त्याआधी एवढं बघून कळव. तुमचा टीव्ही चपटा की मागं पोट असलेला? मागं चपटं, चिंचोक्याएवढं भोक आहे का? का लाल, पांढरं, पिवळं अशी तीन गोल आहेत? अंधारात हातानं चाचपू नकोस, बॅटरी लावून बघ. लाईट संध्याकाळी किती वाजता जाते, तेही लिही.
आणि मावशींना विचार, त्यांची बाजू कोणती. आत्या डावीकडून म्हणतात, म्हणून भजनात डाव्या बाजूची जागा मोकळी ठेवलीय. मावशी उजवीकडच्या असतील तर त्यांच्यासाठी उजवी मोकळी ठेवून नवीन भरावं लागेल. पुढच्या सोमवारी, १५ तारखेला एकादशी आहे, तेव्हा सगळ्या बायका जमतात, तेव्हाच भरीन. आत्या म्हणतात, इंदी उजवीच. पण पाच वर्षं झाली, तिच्याच तोंडून हवं.
आणखी एक. वाडीत कुणाच्या फोनमध्ये मावशींचं एक कडवं भरता आलं, आणि तो फोन कुणी बेल्ह्याच्या बाजाराला घेऊन आलं, तर हे ते उतरवून घेतील. एकच कडवं पुरे. जमलं तरच. मावशींना आधी सांगू नकोस, आत्यांनाही मी सांगितलेलं नाही.
एकादशीच्या आत मिळेल असं उलट टपाली कळव.