ओढ्याअलीकडची गोळी

५ आबान १३५४ फसली. इंग्रजीत सप्टेंबर १९४५.

येरमाळ्याच्या पुढं, कळंबच्या वाटेवरचं हे गाव. चावडीत मुक्काम. हैद्राबादेत एम.एस्सी. करून हिवतापाच्या प्रयोगशाळेत लागलो तेव्हा डोळ्यांसमोर पांढरा कोट होता, डोक्यावर पंखा होता. इथं एक मायक्रोस्कोप, एक डगमगतं मेज आणि माश्या. काचेवर घेतलेलं रक्त झाकलं नाही तर वाळायच्या आत माश्या चाटून साफ करतात. आज दोन काचा तशा गेल्या. गावात माझं नावच पडलंय, काचवाले बाबू.

प्रयोग सरळ. गावाच्या मधून ओढा. अलीकडच्या वस्तीला नवी पिवळी गोळी, रोज, आमच्यासमोर. पलीकडच्यांचं नुसतं रक्त तपासायचं, गोळी नाही. दोन्हींत फरक पडला तर गोळी खरी. कागदावर छान दिसतं.

९ आबान

आम्हाला दूध घालतात त्या खतीजाबी. अलीकडच्या. नवरा वारलेला, एक म्हैस, एकच लेक हलीमा, ती ओढ्यापलीकडं दिलेली. आज गोळी घ्यायला आल्या त्या हलेचनात.

"बाबू, माज्या हलीमालाबी द्या की. सातवा चालू हाय. पहिलं लेकरू थंडीतापातच गेलं, पोटातल्या पोटात."

म्हटलं, मावशी, पलीकडं देता येत नाही.

"का? ओढ्याला घोटाभर पानी न्हाय."

हलीमाची काच मीच पाहिलेली. जंतूच जंतू. मला पाहायला शिकवलंय, पाहतो.

१० आबान

आमच्या पथकाचे प्रमुख डॉ.सा., त्यांना विचारलं. डॉक्टरसाहेब माणूस वाईट नाही, अंगात ताप घेऊन काम करतात. म्हणाले, "मियाँ, एक को दिया तो सारी बस्ती आ जाएगी. फिर मुकाबला किससे करोगे?" तुलनेला कुणी उरायला हवं. गोळ्या मोजक्या. क्विनीन तर लढाईपासून कळंबच्या दवाखान्यातही नाही. त्यांचं सगळं बरोबर. राग आला तो काढायचा कुणावर कळेना, माश्यांवर काढला.

१९ आबान

अजब. हलीमाची काच साफ! पुन्हा पुन्हा पाहिली. ताप नाही, भाकरी खाते म्हणे.

आणि खतीजाबी, ज्यांना रोज माझ्या हातानं गोळी, त्या पडल्या. घरातल्या साऱ्या गोधड्या अंगावर, तरी दात वाजतायत. काचेत जंतू. डॉ.सा. मिशी चावत बसले. गोळी फुकट म्हणायची का? मला मात्र हलीमाचं आठवून आतून बरं वाटत होतं. शास्त्र गेलं खड्ड्यात.

२३ आबान

पलीकडं काचा घ्यायला गेलो. हलीमा हळद लावल्यासारखी पिवळी. तळवे, गाल, सगळंच. सासू म्हणाली, "कावीळ झालीया. उतरवून आनली." येरमाळ्याकडं कुणी उतरवणारा आहे. त्यानं तिच्या हातांना कसल्याशा सालीचं पाणी चोळलं आणि चुन्याच्या निवळीत धुवायला लावले. निवळी पिवळीजर्द झाली, घरच्यांनी डोळ्यांनी पाहिली. गळ्यात मुळ्यांची माळ. तेलतूप बंद, औषध बंद.

पण हलीमाचे डोळे पांढरेशुभ्र. कावीळ असती तर आधी डोळे पिवळे झाले असते. आमची गोळी रोज पोटात गेली की कातडी अशी पिवळी पडते. अलीकडच्या वस्तीत आता कुठं दोघाचौघांत दिसायला लागलंय. हिला गोळी कुठली?

परत येताना ओढ्यात उभ्या उभ्या उजेड पडला. खतीजाबींच्या गालात सदा पानाचा विडा. मी "आ करा" म्हणतो, विडा बघतो, "बरं" म्हणतो. गोळी विड्याआड राहते, मग लेकीकडं जाते. एम.एस्सी. झालेला शहाणा!

२४ आबान

खतीजाबींकडं गेलो. अंगात ताप, तरी मला बसायला घोंगडं अंथरलं. विचारलं तर आधी "अल्लाची आन" सुरू झालं. मग म्हणाल्या,

"म्या खाल्ली काय आन् लेकीनं खाल्ली काय. रगत एकच हाय. तुमची काच रगतच बघती न्हवं?"

म्हटलं, मावशी, ती कावीळ नाही, गोळीचाच रंग आहे. पोरीची गोळी थांबवू नका. तर म्हणे थांबलीच आहे. हलीमा भोळेपणानं घरात बोलून गेली, अम्मा गोळी देती म्हणून. सासूनं धरलं, ह्या गरम गोळीनंच कावीळ झाली. आता घरात गोळी न्यायची सोय नाही.

डॉ.सा.ना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर दोन्ही घरं प्रयोगातून बाद, खतीजाबींचीही गोळी बंद. आणि नाही सांगितलं तर आमचे आकडेच खोटे.

२७ आबान

डॉ.सा.नी स्वतःच पद्धत बदलली. आता गोळी कुटून पाण्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत. आधी विडा थुंकायचा, चूळ भरायची. खतीजाबींनी पेला हातात घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. मी कंदिलाची काच पुसत बसलो. भरदिवसा.

४ आजूर १३५५

फसली साल बदललं. बाकी आहे तिथंच.

खतीजाबी उठल्या, धार काढतात. हलीमाचा ताप उलटला. काच पहिल्यापेक्षा वाईट. डॉ.सा. खूश! आईची काच साफ, लेकीची भरलेली. "देखो मियाँ, अब हुआ मुकाबला!" प्रयोग अगदी नीट जुळला.

दूध ओतताना खतीजाबी म्हणाल्या, "मला बरं वाटतंय, बाबू. त्याचीच लाज वाटती."

मग राहवेना. डॉ.सा.ना सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घरी पाठवतील. त्यांनी चष्मा काढला. "बेवकूफ, पहले बोलना था." आणि पेटीतून गोळ्यांची एक पुडी काढून माझ्यापुढं सरकवली. 

५ आजूर

पुडी घेऊन जवळजवळ पळतच गेलो. सासू दारात आडवी.

"त्या गोळीनंच पोरगी पिवळी पडली व्हती. पुन्यांदा न्हाय."

समजावलं. डोळे बघा म्हटलं, पांढरे आहेत. म्हणाली, उतरवली म्हनूनच पांढरे. शेवटी म्हटलं, आणा तो चुना. उतरवणाऱ्यानं दुसऱ्या वेळेसाठी दिलेली साल घरात होतीच. माझ्याच हातांना तिचं पाणी चोळलं, निवळीत हात घातले. निवळी पिवळीजर्द! शेजारपाजार गोळा झालेला. म्हटलं, बघा, मला कुठं कावीळ आहे, कुणाचेही हात धुवा, असंच होणार.

सासू निवळीकडं बघत राहिली. खरंच घाबरली.

"आगं बया, तुमालाबी हाय की! आजच्या आज उतरवून घ्या, बाबू. लई वंगाळ रोग."

लोक हसले. मीही हसलो. वाटेत रडू आलं ते आवरलं नाही. म्हातारी वाईट असती तर बरं झालं असतं. जाताना तिनं मला काढ्याला मुळ्या दिल्या.

६ आजूर

हुकूम आला. उद्या मुक्काम हलणार, उमरग्याकडं. शेवटच्या काचा सकाळी घ्यायच्या. खतीजाबींना सांगितलं. त्यांनी दूध नेहमीपेक्षा जास्त घातलं.

७ आजूर

उमरग्याच्या वाटेवर, गाडीतच लिहितोय.

सकाळी काच घ्यायला हलीमाच्या घरात कुणाची ना नव्हती. वैर गोळीशी. हलीमा भिंतीला टेकलेली, बोट विस्तवासारखं. सासू दारात, आमच्याकडं पाठ करून कोंबड्या हाकलत होती. रक्त घेतलं आणि पुडी हलीमाच्या दुसऱ्या हातात ठेवली. रोज एक, जेवून, हळूच सांगितलं. इतके दिवस ही पोर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"अम्माचा ताप गेला?"

गेला.

"ह्याच गोळीनं?"

ह्याच.

"ती पिवळी पडली का?"

थोडी पडलीय. धार काढते, भाकरी थापते.

तिनं पुडीकडं पाहिलं, पोटावर हात ठेवला. दारातून सासूनं विचारलं, "झालं का, बाबू?" झालं, म्हणालो. हलीमानं मूठ मिटली. ती मूठ पदराखाली गेली एवढंच मला दिसलं.

गाडी जुंपलेली. खतीजाबी चाकाजवळ उभ्या.

"घेतली का तिनं?"

हातात दिलीय, मावशी.

"म्या इचारते, घेतली का?"

डॉ.सा.नी गाडीवानाला चल म्हटलं.