खिळे न मारलेली फ्रेम

कालवा दुरुस्तीसाठी कोरडा केला, तेव्हा पुलाखालच्या गाळात सापडलेली सायकलची फ्रेम माझ्या धाकट्या भावाची आहे, असे पोलिसांनी काल दुपारी दुकानात येऊन सांगितले. ओळख सायकलवाल्याने पटवली. दांडीवरचा वेल्डिंगचा जोड त्याच्याच हातचा होता. त्याने तो डोळे मिटून बोटांनी चाचपला आणि मान हलवली. चाके नाहीत, सीट नाही, घंटी नाही. माणूसही नाही. धाकटा गेला त्याला आता तीस वर्षे होतील.

म्हणून हे मृत्युपत्र पुढे न ढकलता आज करते आहे. मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, फोटोफ्रेमच्या दुकानाची मालकीण, हे राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांनी दाखला दिला आहे. त्यांनी विचारले होते की नसलेले काही दिसते का. ते नजरेबद्दल विचारत आहेत असे धरून मी नाही म्हटले.

वकिलांची एक हरकत आहे. एका मृत्युपत्रात पाच ठिकाणी नुसते ‘फ्रेम’ लिहिले तर उद्या कोर्टात घोळ होईल म्हणतात. आमच्या घरात तसा घोळ कधी झाला नाही. आई भरतकामाला बसली असताना ‘फ्रेम आण’ म्हणाली की लाकडी कडे यायचे, बाबा पेपर हातात धरून म्हणाले की चष्मा यायचा, आणि मी दुकानातून हाक मारली की धाकटा काच पुसत बाहेर यायचा. तरी वकिलांच्या समाधानासाठी प्रत्येक वस्तूचे वर्णन देते.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा भावजयीला, म्हणजे धाकट्याच्या पत्नीला. पुढच्या दाराची फ्रेम सागवानी आहे, वाळवी नाही. तिला वरच्या अंगाला कडी आहे. धाकटा जाताना “दार लावू नका, येतोच” म्हणाला, तेव्हापासून ती लावलेली नाही. आम्ही दोघी खालचा नुसता खटका लावून झोपतो. ही कडी लावायची की नाही हे भावजयच ठरवील. घर विकायचे की नाही, हेही.

२. भरतकामाची गोल फ्रेम, त्यात ताणलेल्या उशीच्या अभ्र्यासह, भावजयीला परत. अर्धे फूल झाले आहे, सुई कापडातच गंजली आहे. तिने ती टाकून दिली होती. मी कचऱ्यातून काढून माझ्या कपाटात ठेवली आणि तिला सांगितले नाही. तिला हे ठाऊक आहे असे मला वाटते, कारण माझे कपाट ती कधीच आवरत नाही.

३. धाकट्याच्या चष्म्याची काळी फ्रेम, काचांसह, भाच्याला, म्हणजे त्याच्या मुलाला. हा चष्मा त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांवर नव्हता. स्क्रू सैल झाला म्हणून शेजारच्या चष्मेवाल्याकडे दिला होता, आणि चष्मेवाला दुकान बंद करत होता म्हणून “उद्या ये” म्हणाला. कालव्याच्या पुलाला तेव्हा कठडा नव्हता. इतकी वर्षे मी चष्मेवाल्याच्या नमस्काराला नमस्कार केला नाही. तो करत राहिला. ती तक्रार मी आज मागे घेते.

४. सायकलची फ्रेम पोलिसांकडून सुटल्यावर सायकलवाल्याला. त्याने मागितलेली नाही. पण काल तो तिच्यावरचा हात काढत नव्हता, पोलिसांना दोनदा सांगावे लागले.

५. दुकान आणि त्यातली हत्यारे भाच्याला: तिरपा काप घ्यायची करवत, काच कापायचा हिरा, कोपरे आवळायचे चाप. भाच्याने इथे मोबाईलचे दुकान घालायचे ठरवले आहे. मी समोर बसलेली असताना त्याने जागेचे माप घेतले, तेही माझ्याच टेपने. म्हणाला, “आत्या, जरा पाय वर घे.” मी घेतले. राग नाही, पण टेप परत जागेवर ठेवलेला नव्हता, हे नोंदवून ठेवते.

६. दुकानात समोरच्या भिंतीवर असलेली धाकट्याच्या फोटोची फ्रेम.

हिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. आमच्या दुकानाची रीत अशी की जिवंत माणसाच्या फोटोमागे खिळे मारायचे नाहीत. पत्र्याचे कान नुसते दुमडायचे, म्हणजे चार वर्षांनी फोटो बदलता येतो. गेलेल्या माणसाला चारही बाजूंनी खिळे आणि मागून कागद चिकटवून बंद. गिऱ्हाइकाला हे सांगायचे नसते. धाकट्याच्या फ्रेमला कान आहेत.

भाचा आठ वर्षांपूर्वी खिळे घेऊन आला होता. कोर्टातून धाकट्याला मृत घोषित करून घेऊ, म्हणजे घराचे कागद मोकळे होतील, असे त्याचे म्हणणे, आणि त्यात गैर काही नव्हते. भावजय तेव्हा डबा घेऊन आली होती. तिने डबा खाली ठेवला, त्याच्या हातातून खिळे घेतले आणि म्हणाली, “मारायचे तेव्हा मी मारीन. तोवर कुणी हात लावायचा नाही. वन्सं, तुम्हीसुद्धा नाही.” ते खिळे तिच्याकडेच आहेत.

आता जे डॉक्टरांना सांगितले नाही ते. संध्याकाळी समोरच्या दुकानांचे दिवे लागले की या फ्रेमच्या काचेत माझ्यामागचे दार दिसते, आणि दारात धाकटा उभा असतो. वयाने तेवढाच. चष्मा नसतो, म्हणून डोळे बारीक करून मला शोधत असतो. मी वळून पाहिले की कोणी नसते, म्हणून पुढे पुढे मी वळणे सोडले. “आलास का?” एवढे विचारून काम करत राहायचे. हे मी भावजयीला कधी सांगितले नाही. तिचा त्याच्यावरचा हक्क माझ्याहून मोठा, आणि यायचा मात्र तो माझ्याकडे.

काल पोलीस गेल्यावर दिवे लागले. काचेत रस्ता दिसला, रिकामे दार दिसले. मी उशिरापर्यंत बसून राहिले. आजही तेच.

तेव्हा ही फ्रेम, आणि तिच्याबद्दलचा निर्णय, भावजयीला. भाच्याने तिला घाई करू नये. माझी लहान हातोडीही तिलाच; कलम पाचमधून ती वगळावी.

हे मी वाचून, समजून सही केली आहे. पुढील दोघांनी माझ्या समक्ष सह्या केल्या. सायकलवाल्याला कलम चारमुळे साक्षीदार होता येत नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे.

सही: दुकानाच्या पाटीवर आहे तेच नाव
साक्षीदार: चष्मेवाला, शेजारचा गाळा
साक्षीदार: डॉक्टर (कलम सहा त्यांनी वाचले, मग सही केली)
स्थळ: दुकानाची मागची खोली
तारीख: शिक्क्यावर आहे ती

ता. क. पुलाखालचा उरलेला गाळ सोमवारपर्यंत उपसून होईल, असे पोलीस म्हणाले. मग ते भावजयीला बोलावतील. तिकडून घरी जाताना तिला दुकानावरूनच जावे लागते. फ्रेम भिंतीवरून उतरवून मी टेबलावर पालथी ठेवली आहे, शेजारी हातोडी. ती आत आली की मी बाहेर बाकावर जाऊन बसेन.