भानुमतीच्या आवाजाची डिस्क

मी, मुकुंद त्र्यंबक बिडकीनकर, वय ७६, निवृत्त अभिलेखपाल, राहणार सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरात त्याबद्दल दुमत आहे.

१. घर व ठेवी मुलगा हिमांशू आणि मुलगी अश्लेषा यांना समान. भांडण्यासारखे काही ठेवलेले नाही, तरी प्रयत्न होईल.

२. माझ्या संगणकाला इंटरनेट कधी जोडले नाही, पुढेही जोडू नये. फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवरचे दप्तर लावायची पद्धत. मी ईएक्सटी-फोर निवडली, कारण ती काम करण्याआधी टिपण ठेवते आणि मध्येच वीज गेली तर ते पाहून सावरते. चार पिढ्या कारकुनीत गेलेल्या घराला दुसरी आवडणार कशी? हिमांशूचा विंडोजवाला लॅपटॉप ती ओळखत नाही. अशी डिस्क दिसली की 'फॉरमॅट करायची का?' विचारतो. 'हो' म्हटले की दप्तर कोरे.

३. माझी पत्नी कै. भानुमती हिची गाणी नि गोष्टी एका सुट्या डिस्कवर होत्या. २०१४ च्या लक्ष्मीपूजनाला हिमांशूने ती लॅपटॉपला जोडली. पाडव्याला डिस्क कोरी निघाली. "बाबा, मी नाहीच दाबलं होतं," तो परोपरीने सांगत होता. मी भरल्या पंगतीत त्याला कुळाचा दिवटा म्हणालो. तेव्हापासून तो येतो, पण मुक्काम करत नाही.

४. अभिलेखपाल या नात्याने नोंद दुरुस्त करतो. पाडव्याच्या सकाळी दुसरी प्रत ठेवायला मी नवी डिस्क फॉरमॅट करायला बसलो होतो. दोन्ही डिस्का काळ्या, चिठ्ठी एकीलाही नाही. बत्तीस वर्षे लोकांच्या फायलींना चिठ्ठ्या लावल्या. संगणकाने विचारले, खात्री आहे? मी 'हो' दाबले. चूक संध्याकाळी कळली. तोवर पोराला बोलून झाले होते, आणि शब्द मागे घ्यायची मला लाज वाटली. आजही वाटते.

५. संगणक हिमांशूला. त्यात 'चाचणी-१' नावाची फाइल आहे. भानुमतीचा तेवढाच आवाज उरला आहे: "अहो, ते डबडं बंद करा. हिमांशू कधीचा ताटावर थांबलाय." पुढे माझा आवाज आहे: "आलोच." मी गेलो नव्हतो.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५
सही: मु. त्र्यं. बिडकीनकर

साक्षीदार:
१. तनुजा कुलकर्णी, शेजारी
२. बद्रीनाथ शिंगणे, कचेरीतले जुने सहकारी. सही करण्याआधी म्हणाले, "मुकुंदराव, हे मेल्यावर कशाला सांगायचं? आत्ताच फोन लावा की." नोंद घेतली.